ही डीबीटी खात्यात जमा होत नाही

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये नर्स आहे. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असलेल्या मोठ्या माणसांच्या सेवेत ती काम करते. परवा फोनवर म्हणाली, “मामा, आमच्याकडे आता डीबीटी सुरू करतायत, माझं ट्रेनिंग चाललंय.” मी विचारलं, “म्हणजे पैसे थेट खात्यात?” तर हसतच सुटली. ती एक मानसोपचाराची पद्धत आहे म्हणे. मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. लर्निंग डिसॅबिलिटीची मुलं माझ्याही वर्गात होती. वाचताना अडखळायची, पण बाकी चलाख. अशांना मोठेपणी नर्स कशाला लागते? आणि ही डीबीटी म्हणजे नेमकं काय?
– एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : मामा-भाचीच्या बोलण्यात दोन शब्दांनी घोळ घातला आहे आणि दोन्हींत तुमची चूक नाही. महाराष्ट्रात डीबीटी म्हटलं की शिष्यवृत्तीचा नाहीतर ठिबकच्या अनुदानाचा अर्ज आणि ऐन शेवटच्या तारखेला बंद पडलेलं पोर्टल हेच डोळ्यांपुढे येणार. भाचीची डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. पण आधी दुसरा शब्द सोडवू.

आपल्याकडे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे. बुद्धी शाबूत, पण वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं दार घट्ट बसलेलं. ब्रिटनमध्ये त्याला ‘लर्निंग डिफिकल्टी’ म्हणतात. तिथे ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे आपण जिला बौद्धिक अक्षमता म्हणतो ती. लहानपणापासून समजायला, शिकायला वेळ लागतो आणि पैसे, प्रवास, स्वयंपाक अशा रोजच्या व्यवहारांत मदत लागते. पूर्वीचे अपमानकारक शब्द टाकून देऊन ब्रिटिश सरकारने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा शब्द घेतला. आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या नावांनी नोंदल्या आहेत. त्यामुळे विमानातून उतरलं की शब्द तोच राहतो आणि माणसं बदलतात. मेनकॅप या जुन्या संस्थेच्या अंदाजानुसार ब्रिटनमध्ये अशी सुमारे १५ लाख माणसं आहेत. तिथल्या नर्सिंगच्या चार शाखांपैकी एक खास त्यांच्यासाठीच आहे. तुमची भाची बहुधा त्याच शाखेची असेल.

आता डीबीटी. ही पद्धत घडवली अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, जीव द्यायला निघणाऱ्या स्त्रियांवर त्या उपचार करत होत्या. सुरुवातीला त्यांनी सरळ वर्तनोपचार करून पाहिला : ही सवय सोडा, ती धरा. बायकांना वाटे, म्हणजे चूक आमचीच, आमचं दुःख हिला कळलेलंच नाही. मग त्यांनी नुसतं समजून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा बायकांना वाटे, म्हणजे यातून सुटका नाहीच. दोन्ही रस्ते बंद निघाले, तेव्हा दोन्ही एकदम चालायचे असं त्यांनी ठरवलं. ‘तू जशी आहेस तशी का झालीस हे मला पटतं’ आणि ‘तुला बदलावं लागेल’ ही दोन वाक्यं एकाच बैठकीत, एकाच दमात. ‘डायलेक्टिकल’ तो हाच.

याला मराठीत द्वंद्वात्मक म्हणतात आणि त्याने लगेच मार्क्सची आठवण होते. तुम्ही शिक्षक आहात, तेव्हा मार्क्स सोडा आणि समास आठवा. ‘खरेखोटे’ हा वैकल्पिक द्वंद्व : खरे किंवा खोटे. ‘आईवडील’ हा इतरेतर द्वंद्व : आई आणि वडील. भावनेच्या भरात माणूस सगळ्या जगाचा विग्रह ‘किंवा’ने करतो. ती माझी मैत्रीण आहे किंवा वैरीण. मी चांगला आहे किंवा कुचकामी. डीबीटी हाच विग्रह ‘आणि’ने करायला शिकवते. ती माझी मैत्रीण आहे आणि आज तिने मला दुखावलं. व्याकरणाच्या तासाला हे पाच मिनिटांत होतं, इथे वर्ष लागतं.

लिनेहान यांचं पाठ्यपुस्तक आलं १९९३ मध्ये. त्याआधी १९९१ मध्ये त्यांनी नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष छापले होते. या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रकार घटले होते, रुग्णालयातले दिवस घटले होते आणि बायका उपचार अर्ध्यात टाकून जाण्याचं प्रमाणही कमी होतं. उपचाराला चार पाय असतात. आठवड्याला एक खाजगी बैठक. आठवड्याला एक वर्ग, ज्यात सजगता, त्रास निभावून नेणं, भावना सांभाळणं आणि माणसांशी वागणं ही चार कौशल्यं शिकवली जातात. अडचणीच्या वेळी उपचारकाला फोन करण्याची मुभा. आणि चौथा पाय, जो लोक विसरतात : उपचारकांचीच आठवड्याची बैठक, एकमेकांना सावरण्यासाठी.

२०११च्या जूनमध्ये लिनेहान यांनी एक गोष्ट जाहीर केली. १९६१ साली, वयाच्या १७व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. एकांत कोठडीत असत, भिंतीवर डोकं आपटून घेत. हे त्यांनी सांगितलं त्याच रुग्णालयात उभं राहून. या घोषणेच्या जेमतेम तीन आठवडे आधी, ३१ मे २०११ला, बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात छुप्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण दाखवलं होतं. लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या रुग्णांना कर्मचारी मारत होते, फरपटत होते, थंड पाण्याने भिजवत होते. पुढे ११ कर्मचारी दोषी ठरले. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तुमच्या भाचीचं ट्रेनिंग त्या दोन्हींच्या मधल्या जागेत घडतं आहे असं मला वाटतं.

कारण मानसोपचार म्हणजे बोलून उपचार, आणि ‘यांना काय समजणार’ म्हणून ही माणसं त्या दारापर्यंत पोचतच नव्हती. एखादा रडला, चिडला, डोकं आपटलं, की ते त्याच्या ‘अपंगत्वामुळे’. आई वारल्याचं दुःख, जुना मार, एकटेपणा, दाढदुखी हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जाई. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८२ मध्ये या झाकोळाला नावही दिलं, पण नाव दिल्याने तो हटत नाही. मग उरतं औषध. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ मध्ये स्वतःच हिशेब मांडला : लर्निंग डिसॅबिलिटी असलेली ३० ते ३५ हजार प्रौढ माणसं रोज अशी मनावरची औषधं घेत होती, की ती औषधं ज्या आजारांसाठी आहेत ते आजार त्यांच्या नोंदींत नव्हतेच. नुसतं शांत बसवण्यासाठी.

त्यातून हे उघड झालं, की या माणसांना भावना सांभाळायला शिकवायला हवं. पण लिनेहान यांचं पुस्तक उघडलं की पंचाईत. दोन-अडीच तासांचा वर्ग, दाट मजकुराचे कागद, इंग्रजी आद्याक्षरांपासून बनवलेली सूत्रं. सूत्रातलं प्रत्येक अक्षर एकेका शब्दाचं, आणि तो शब्द मुळातच अमूर्त. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हे गणपती अथर्वशीर्षासारखं : पाठ होईल, उपयोग होणार नाही.

ज्युली ब्राउन या अमेरिकन उपचारकर्तीने पुस्तक बाजूला ठेवून नव्याने मांडणी केली. तिच्या पद्धतीत भावनेला ० ते ५ गुण द्यायचे. कौशल्यं फक्त नऊ, प्रत्येकाला नंबर. पहिली पाच कधीही वापरायची : थांबून श्वास घेऊन ‘आत्ता काय चाललंय’ ते पाहणं, पुढचा विचार करणं, मग पाऊल उचलणं, सुरक्षित जागी सरकणं, आपल्या आवडीचं काही करणं. उरलेली चार, म्हणजे प्रश्न सोडवणं, मनातलं सांगणं, हवं ते मागणं, नातं सांभाळणं, ही गुण तीनच्या वर गेले असतील तर वापरायचीच नाहीत. मला यातली ही एक अट सगळ्यात शहाणी वाटते. दूध उतू जात असताना आधी गॅस बंद करायचा, ओटा नंतर पुसायचा. आपण चारचौघं भांडणं नेमकी चार-पाच गुणांवर असताना ‘एकदाची बोलून मिटवायला’ जातो, त्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

इंग्लंडात नॉटिंगहॅमशरमध्ये रॅम्प्टन हे अतिसुरक्षित रुग्णालय आहे. तिथे लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या, गुन्हा केलेल्या पुरुषांसाठी डीबीटी बदलून वापरली गेली. कॅट्रिन मॉरिसी आणि ब्रिजिट इंगामेल्स यांनी सहा वर्षांच्या अनुभवावर २०११ मध्ये लिहिलं आणि २०१४ मध्ये सगळी मांडणी पुस्तकरूपाने बाहेर आली. आता इंग्लंडात ज्या सेवा ही पद्धत सुरू करतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी टेबलावर ब्राउन यांचं तरी पुस्तक असतं नाहीतर हे तरी.

पण पुस्तकाने चित्र उभं राहत नाही, म्हणून एक प्रसंग रचून सांगतो. समजा, ३४ वर्षांची एक बाई आहे. चार जणींच्या घरात राहते, मदतीला पाळीपाळीने कर्मचारी. मंगळवारी संध्याकाळी ती स्वतःच्या मनगटाला कडकडून चावली. वहीत नोंद : ‘विनाकारण चिडली.’ गुरुवारच्या बैठकीत उपचारक एक दोरी बांधतो आणि कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर कार्डं लटकवायला घेतो. शेवटच्या कार्डावर मनगटाचं चित्र. “याच्या आधी काय झालं?” मी ओरडले. दुसरं कार्ड. “त्याच्या आधी?” कर्मचारी म्हणाले, उद्या बघू. “काय उद्या बघू?” फोन. दर मंगळवारी सहाला बहिणीचा फोन येतो, तो आला नव्हता. “त्याच्या आधी?” बस चुकली. “जेवलीस कधी?” जेवले नाही. आणि मग बऱ्याच वेळाने, कुणी विचारलं नसताना : रात्री ते वाजत होतं. काय वाजत होतं? छतावरच्या धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली होती. मिनिटामिनिटाला ‘टिक’. रात्रभर झोप नाही.

मनगटाच्या कार्डाआधी दोरीवर सहा कार्डं लटकली आहेत. ‘विनाकारण’ची सहा कारणं झाली. याला साखळी विश्लेषण म्हणतात आणि लिनेहान यांच्या मूळ पद्धतीत ते कागदावर लिहून होतं. दोरीवर केलं की एक वेगळीच गोष्ट दिसते. काही कड्या बाईने बदलायच्या आहेत : फोन आला नाही तर गुण तीनवर असतानाच सांगायचं, चेहऱ्यावर गार पाणी मारायचं. काही कड्या घराने बदलायच्या आहेत : बॅटरी, जेवण आणि ‘उद्या बघू’. बॅटरी न बदलता बाईला श्वास मोजायला शिकवणारी डीबीटी ही डीबीटी नव्हेच, ती गप्प बसवायची नवी गोळी आहे.

इथे लिनेहान यांचं मूळ गृहीतक आठवावं लागतं. त्या म्हणतात, एखादा माणूस जन्मतः हळवा असतो आणि त्याच्या भोवतीची माणसं त्याचं वाटणं खोटं ठरवत राहतात. या दोहोंतून भावना अनावर होण्याचं दुखणं तयार होतं. खोटं ठरवणं म्हणजे काही छळच असतो असं नाही. मूल धडपडून रडायला लागलं की आपण काय म्हणतो? ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ!’ प्रेमाने म्हणतो. एकदा म्हटलं तर मूलही हसतं. पण ज्याला जन्मभर, चाळिशी उलटली तरी, प्रत्येक दुखण्यावर मुंगीच दाखवली जाते, त्याला आपल्याला दुखतं आहे की नाही हेच कळेनासं होतं. आपण तर चाळिशीच्या माणसालाही ‘विशेष मूल’ म्हणतो. त्या शब्दात माया आहे आणि त्याच शब्दात ती मुंगीही आहे.

म्हणून सेवेत डीबीटी ‘आणणं’ म्हणजे मानसशास्त्रज्ञाने आठवड्याला एक वर्ग घेणं नव्हे. वर्गात बदल करावे लागतातच. वेळ कमी, मध्ये चहाची सुट्टी, एका वेळी एकच कौशल्य, नाटुकलं करून दाखवणं, सगळा अभ्यासक्रम संपला की पुन्हा पहिल्यापासून. रोजनिशीच्या तक्त्यात शब्दांच्या जागी चेहरे. सजगतेसाठी इगतपुरीच्या विपश्यनेसारखं दहा दिवसांचं मौन नको, एक बिस्किट दोन मिनिटं लावून खाल्लं तरी चालतं. हे सगळं महिनाभरात जमवता येतं. अवघड आहे ते घर. वर्ग दीड तासाचा, आठवडा १६८ तासांचा. मूळ पद्धतीत अडचण आली की रुग्ण उपचारकाला फोन करतो. इथे फोनच्या जागी ड्यूटीवरचा माणूस असतो, म्हणून कर्मचाऱ्याला वर्गात शेजारी बसवतात. त्यालाही गृहपाठ असतो, त्यालाही आपले गुण सांगावे लागतात. “माझे आज दोन आहेत, ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो,” असं कर्मचारी म्हणाला की वर्गाचा रंगच बदलतो. चिडणं ही फक्त अपंग माणसांची मक्तेदारी नाही, हे तिथे प्रथमच मोठ्याने बोललं जातं.

काही गाठी सुटत नाहीत. मूळ पद्धतीत एक नियम आहे : स्वतःला इजा केली, तर पुढचे २४ तास उपचारक फोनवर कौशल्यांची मदत देत नाही. इजा करण्याआधी फोन कर, म्हणजे मदत मिळेल, हा त्यामागचा विचार. घरात राहणाऱ्या कर्मचाऱ्याने तो पाळायचा कसा? त्याला जखम धुवावीच लागते, ते त्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. मग मधला मार्ग निघतो : पट्टी बांधायची, प्रेमाने पण थोडक्यात, आणि गप्पांची लांब बैठक मारायची ती इतर वेळी, काही घडलेलं नसताना. सांगायला सोपं. रात्री दोनला एकट्याने ड्यूटी करणाऱ्याला विचारा.

दुसरी गाठ संमतीची. डीबीटी राजीखुशीने स्वीकारायची असते. इंग्लंडचा २००५चा मानसिक क्षमता कायदा सांगतो, की माणूस निर्णय घेऊ शकतो असंच धरून चालायचं आणि त्याला समजावण्याचे सगळे उपाय करून झाल्याशिवाय ‘याला कळत नाही’ म्हणायचं नाही. पण कुलपाआडच्या रुग्णाला कोर्स पूर्ण केल्यावर बाहेर पडण्याची आशा असेल, तर त्याच्या ‘हो’मध्ये खुशी किती आणि कुलूप किती?

गुण येतो का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. मूळ डीबीटीचा पुरावा भक्कम आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९च्या मार्गदर्शनात, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या आणि वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांसाठी तिचा विचार करावा, असं नाव घेऊन म्हटलं. बौद्धिक अक्षमतेसाठी बदललेल्या डीबीटीचा पुरावा मात्र पातळ आहे. बहुतेक अभ्यास पाच-दहा-चाळीस माणसांचे, आधी मोजलं आणि नंतर मोजलं असे. तुलनेला दुसरा गट नाही. कल चांगला दिसतो, पण बदल कौशल्यांनी झाला की कुणीतरी दर आठवड्याला नीट ऐकून घेतल्याने, हे त्यांतून वेगळं काढता येत नाही. ऐकून घेतल्याने झाला असेल तरी माझी तक्रार नाही.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात डीबीटी शिकलेले मानसोपचारक आहेत, ते बुद्धीने शाबूत मानल्या गेलेल्यांसाठी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराची व्याख्या करताना बौद्धिक अक्षमता बाहेर ठेवली आहे. आजार वेगळा आणि अक्षमता वेगळी हे बरोबरच आहे. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, हे सरकारी खिडकीवर बसलेल्याला सांगेपर्यंत नातेवाईक थकतो. आणि इथे पाळीपाळीने येणारे कर्मचारी नाहीत, आई आहे. तिन्ही पाळ्या तिच्याच. दिवाळीच्या पणत्या रंगवणाऱ्या कार्यशाळेतून मुलगा चारला घरी आला की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत तीच उपचारक, तीच नर्स, तीच रात्रपाळी. डीबीटीचा तो विसरला जाणारा चौथा पाय, एकमेकांना सावरायची बैठक, आपल्याकडे कार्यशाळेच्या फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या आयांमध्ये रोज दहा मिनिटं भरते. तिला कुणी उपचार म्हणत नाही एवढंच. (घरात कुणी स्वतःला इजा करत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो.)

भाचीचा पुढचा फोन आला की तिला ट्रेनिंग कसं चाललंय ते विचाराच. आणि त्याबरोबर हेही विचारा : रात्रपाळीच्या लोकांचं ट्रेनिंग झालं का? की त्यांना फक्त फोल्डर कुठल्या कपाटात आहे तेवढंच सांगितलंय?